मनोऱ्यावरचा लाल दिवा

१४ मार्च २०६१, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटे. विमानात त्रेसष्ट प्रवासी.

“उतरा बाई, धावपट्टी मोकळी आहे.”

नियंत्रक गुरवांचा आवाज ऐकूनही कॅप्टन वेलणकरबाईंनी जुन्या शिस्तीने मनोऱ्याकडे पाहिले. तेथे लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे उतरू नका. धावपट्टीवर दुसरे विमान उभे होते. त्यांनी विमान वर उचलले, पंख डोलवून पोच दिली आणि हिरवा दिवा दिसल्यावरच उतरवले.

“लाल दिवा दाखवून उतरा काय म्हणता?” त्यांनी मनोऱ्यात जाऊन विचारले.

“मी? बाई, हाका मारून घसा बसला माझा. तुमचा रेडिओ केव्हाच मेलाय.”

बाईंनी परत विमानात जाऊन पाहिले; रेडिओ खरेच बंद होता. रेडिओवरचे तुटलेले शब्द अंदाजाने सांधणारे विमानातले नवे यंत्र अख्खे गुरवच सांधत बसले होते. बाईंच्या मुलीच्या साखरपुड्याला येण्याचेही त्याने गुरवांच्या आवाजात कबूल केले होते.

रेडिओ एकूण एक्केचाळीस मिनिटे बंद होता.