सगळी मान्य

काकांच्या निरोपाला अख्खं ऑफिस जमलं होतं आणि पडद्यावर मात्र तिच्या प्रोग्रॅमच्या चाचण्या झळकत होत्या. अकराशे चौदा, एकजात हिरव्या, म्हणजे पास.

"आपल्या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेचा बॅकएंड काकांनी बावीस वर्षांपूर्वी लिहिला," माइक हातात आल्यावर साहेब रंगात आले होते. "प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत उतरवणारा तो भाग आता हिनं नव्यानं बांधलाय. दोन्हींची उत्तरं तंतोतंत जुळली. काकांची मंजुरीची सही झालीच आहे. सोमवारपासून ग्राहकांकडे नवा, जुना बंद आणि काका मोकळे!"

टाळ्या पडल्या.

उत्तरं जुळली होती खरी, पण कुणाशी? दोन आठवड्यांपूर्वी उत्तरांत फरक दिसला, तेव्हा तिला वाटलं, नुसता शब्दांमधल्या मोकळ्या जागांचा असेल. यंत्रानं विचारलं, नवी उत्तरं मान्य? तिनं न बघता 'सगळी मान्य' दाबलं, आणि ताडून बघायला साठवलेल्या काकांच्या उत्तरांवर तिचीच उत्तरं चढून बसली. तेव्हापासून तिचा बॅकएंड स्वतःशीच जुळत होता. लांबलचक यादीची बेरीज करताना तो शेवटचा आकडा गिळतो, हे मंगळवारी तिच्या लक्षात आलं. आज शुक्रवार. गुपचूप दुरुस्त करू, बोभाटा कशाला, या नादात तीन दिवस गेले आणि चुकीचं मूळ काही हाती लागलं नाही.

काका चहाचा कप घेऊन तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"काका," ती कशीबशी म्हणाली, "त्या चाचण्यांतली उत्तरं तुमची नाहीत."

"माहितेय. मंगळवारीच पाहिली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. रोज दोन-दोनदा तुझ्या टेबलावरून गेलो. तू आपली मान खाली घालून बसलेली."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण साहेब तर म्हणतायत, सही झाली..."

"साहेबांना घाई फार."

तेवढ्यात साहेबांनी माइक तिच्या हातात कोंबला. "बोल गं, काकांसाठी दोन शब्द!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. काकांनी कप खाली ठेवला, एक खुर्ची ओढून अगदी तिच्यासमोर मांडली आणि बसले. खिशातून मंजुरीचा घडी घातलेला कागद काढून त्यांनी गुडघ्यावर पसरला. खाली सहीची जागा कोरी होती. पेनाचं टोपण काढून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.