पांढरंशुभ्र

नर्सबाईंनी कागदावरच्या चिमूटभर मिठावर बाटलीतला थेंब टाकला. मीठ पांढरंच राहिलं.

"निळं व्हायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आयोडीन असलं की होतं."

दाराशी तो कामावर जायला बुटाची नाडी बांधत होता. त्याची बायको हसली. "अहो ताई, ह्यांच्याच कारखान्यातलं मीठ आहे. आयोडीनचा फवारा हेच तर सांभाळतात. तुमचीच बाटली शिळी असणार."

नर्सबाईंनी नवी बाटली फोडली. पुन्हा थेंब, पुन्हा पांढरं. त्यांनी पलंगावर काकडी खात बसलेल्या त्याच्या लेकीकडे पाहिलं. तिला सातवा महिना होता. "पोटातल्या बाळाच्या मेंदूला लागतं हो हे. म्हणून तर दारोदार फिरतेय."

"थांबा, शेजारचं आणते," बायको उठली. "मग कळेल कोणाचं चुकतंय."

शेजारणीचं मीठ थेंब पडताच शाई सांडल्यासारखं निळंजांभळं झालं.

"बघा! तिच्याच मिठात काहीतरी भेसळ आहे," बायको म्हणाली. "आमचं बघा कसं पांढरंशुभ्र!"

"आई, तू पण ना," लेक खुदकन हसली.

तो तीच नाडी सोडून पुन्हा बांधत होता. कारखान्यातल्या फवाऱ्याचं तोंड मिठाने चोंदलं होतं. पट्टा थांबवायचा, शिडी चढायची, तारेने तोंड मोकळं करायचं. अर्ध्या तासाचं काम. गुडघे दुखतात म्हणून त्याने ते उद्यावर ढकललं आणि उद्या उद्या करता पाच आठवडे गेले. पिशव्यांवर 'आयोडीनयुक्त' असा शिक्का मात्र रोज पडत होता. घरी येणारी पिशवी त्याच ढिगातली, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. चवीला तर खारटच लागतं, असं त्याने मनाला सांगितलं होतं.

"बाटल्यांची ही पेटीच उन्हात राहिली असेल," नर्सबाई सामान आवरत म्हणाल्या. "होतं कधी कधी. पुढच्या वेळी बघू."

"बाबा, जाता जाता ती बरणी द्या ना," लेकीने हात पुढे केला. "काकडी अगदीच आळणी लागतेय."

त्याने बरणी उचलली. दोन पावलं गेला आणि तिथेच थांबला.

"ताई," तो म्हणाला. मान वर झाली नाही. "थेंब बरोबर आहेत तुमचे."

लेकीचा हात अजून पुढेच होता.