मूठ वर

तीस वर्षं बांधकामावर ट्रक-क्रेनला हाताने इशारे देणाऱ्या बाबांचे दोनच नियम होते. मूठ वर गेली की जागच्या जागी थांबायचं. आणि आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर आपला हातही त्याला दिसत नाही, मग वेड्यासारखं हवेत हात करत उभं राहायचं नाही.

आज सामानाने भरलेला टेम्पो बोळात अडकला. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला जिन्याची पायरी, आणि मागून शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आरडाओरडा. "सगळे गप्प बसा बरं, त्याला एकाचंच बघू द्या!" म्हणत बाबा पुढे झाले. डावीकडे घे, सरळ कर, ये, अजून वीतभर ये. मूठ वर. आता पुढे. कपाटाला धक्का नाही की भिंतीला ओरखडा नाही.

"बाबा, तुम्ही नसता ना, तर आज आमचं निघणंच झालं नसतं!" ड्रायव्हरशेजारी चढता चढता मुलगा हसून म्हणाला. सूनबाई आणि नात सकाळीच नव्या घरी गेल्या होत्या. 'माझं इथे एकट्याचं भागेल,' असं बाबांनीच सांगितलं होतं.

टेम्पो बोळातून सुटला, मोठ्या रस्त्याला लागला, कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला.



तेव्हा कुठे बाबांनी मूठ वर केली, आणि बराच वेळ ती खाली घेतली नाही.