टांग्याच्या सिनेमाचा शेवट

"टांगा थांबतच नाही," केशवराव म्हणाले. "ती निघून जाते, तो फाटकात उभा राहतो, धुरळा उडतो आणि खेळ खलास!"

"बाबा, मी परवाच पुन्हा मोबाईलवर पाहिला. तो पळत जातो, टांगा अडवतो आणि तिला परत आणतो. त्यावर एक गाणंसुद्धा आहे."

दर रविवारी संध्याकाळी गारखेड्यातल्या त्यांच्या व्हरांड्यात आठवडाभरात पाहिलेल्या सिनेमांचा निकाल लागे. बापलेक दोघंही सिनेमावेडे. मल्टिप्लेक्समधल्या नव्या सिनेमाला केशवरावांनी नुकताच शेरा मारला होता, "कॅमेरा फार पळतो, गोष्ट मात्र बसून राहते." हिमांशूला तोच सिनेमा आवडला होता. पण खरं भांडण त्या जुन्या टांग्याच्या सिनेमावरून होतं, आणि ते गेले तीन रविवार चाललं होतं.

"बहात्तरच्या दुष्काळात पाहिलाय मी," केशवराव हट्टाला पेटले. "नाचाच्या गाण्याला एक शिट्टी वाजली नाही, इतकं थेटर तल्लीन. मोगऱ्याचा वास येत होता. माझा पाय लागून शेजारची रिकामी घागर गडगडली, ती पार पडद्यापर्यंत गेली."

"थेटरात घागर?" हिमांशूनं आईकडे पाहिलं.

मीनाक्षीबाई दारात बसून शेंगा सोलत होत्या. "मला काय विचारतोस? मी कुठं पाहिलाय तो! आमच्याकडे मुलींना थेटराची पायरी चढू देत नसत."

हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. पाहण्याच्या कार्यक्रमात त्यांनी नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं, तेही कपाच्या आडून. नातीनं कॉलेजातल्या मित्राचं नुसतं नाव काढलं, तर तिला ही कपाची गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागे.

पूर्वी हिमांशू अशा भांडणांची मजा घ्यायचा. आता घेत नव्हता. मागच्या महिन्यात केशवराव स्कूटरवरून घरी येताना वाट चुकले होते. जिथं ज्वारी डोलायची तिथं बारा मजले उभे राहिलेत, वळण सापडणार कसं, असं त्यांचं म्हणणं. हिमांशूनं मात्र स्मरणशक्तीच्या डॉक्टरची मंगळवारची वेळ घेऊन ठेवली होती, आणि त्याला स्कूटरची किल्लीही हवी होती. स्कूटर गेली की दुपारचे सिनेमे गेले, हे केशवराव जाणून होते. सिनेमे गेल्यावर उरतं काय, चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याची वाट बघणं!

म्हणून त्यांनीच पैज लावली होती. त्या थेटरातलं कुणी साक्षीला आण. माझा शेवट खोटा निघाला, तर किल्ली तुझी आणि मंगळवारी निमूट येतो.

हिमांशू खटपट्या. थेटर पाडून तिथं कपड्यांची दुकानं झाली होती, तरी त्यानं वेरूळला लेकीकडे राहणारा म्हातारा ऑपरेटर शोधून काढला. कडूबा त्याचं नाव. त्या दुष्काळात मेंढरं विकून तो अजिंठ्याकडून शहरात आला, सिनेमाच्या मशीनवर चिकटला आणि थेटर बंद पडेपर्यंत तिथंच राहिला.

आज तो व्हरांड्यात बसला होता. चहा बशीत ओतून त्यानं दोघांचं ऐकून घेतलं.

"साहेबाचं खरं हाय," तो म्हणाला. "शेवटचं रीळ आम्ही चढवतच नव्हतो. टांगा गेला की दिवे लावायचो. आन घागरी व्हत्या थेटरात."

केशवरावांनी मांडीवर थाप मारली. गेल्या कित्येक दिवसांत ते इतके खूश झाले नव्हते. हिमांशूही मनापासून हसला. बाप शाबूत आहे म्हटल्यावर पैज हरल्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

कडूबा मात्र आठवणीत रंगला होता. "लई वंगाळ दिवस व्हते. साडेपाचला नळ यायचा, तो बी घंटाभर. बायका घागरी घिऊनच सिनेमाला बसायच्या. टांगा निघाला की त्याच वरडायच्या, बंद कर रे बाबा, नळ जाईल! मग मॅनेजर म्हणला, बुधवारच्या जनाना खेळाला ते रीळ चढवूच नको."

"जनाना?" हिमांशूनं विचारलं.

"फकस्त बायकांचा खेळ. बाकी सगळ्या खेळांना पुरा सिनेमा दावायचो. आन बुधवारी दारावर आवडाबाई. गडीमाणूस तर सोडाच, पाच वर्साचं पोरगं बी आत जाऊ देत नव्हती."

मग हिमांशू अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे बाबा, तुम्ही तिथं असणं शक्यच नाही. कुणाकडून तरी ऐकलं असेल, आणि आता स्वतः पाहिल्यासारखं वाटतंय. डॉक्टर फोनवर हेच म्हणत होते."

आपण काय करून बसलो ते कडूबाला कळेना. त्यानं बशी खाली ठेवली.

केशवरावांनी तोंड उघडलं. एकदा दाराकडे पाहिलं. तीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात कुणाची एका आकड्याची चूक खपवून न घेतलेला हा माणूस.

"असेल," ते म्हणाले. "वय झालं आता." खिशातून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. तिच्यावरून हात उचलायला त्यांना जरा वेळ लागला.

हिमांशू किल्ली घेणार, तोच मीनाक्षीबाई शेंगांचं सूप बाजूला सारून उठल्या. पदराला हात पुसले, किल्ली उचलली आणि नवऱ्याच्या खिशात परत टाकली.

"होते ते तिथं," त्या लेकाकडे न बघता म्हणाल्या. "आजेसासूबाईंचं लुगडं नेसून आले होते. मी आईला पाण्याला जाते म्हणून सांगितलं होतं, घागर माझीच होती. आणि यांच्या निऱ्या सुटत होत्या, त्या अंधारात मीच खोचून दिल्या."