कुणी शोधलं?

हल्ली घरचा लॅपटॉप उघडला, की मकरंदला वृद्धाश्रमांच्याच जाहिराती दिसत. घरात कुणीतरी तसं शोधलं असणार. आपण काय शोधलं त्याची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटच्या कुकीज उगाच काही लक्षात ठेवत नाहीत.

शेवटी त्याने बायकोलाच विचारलं, "वृंदा, आईला पाठवायचं चाललंय का तुझ्या मनात?"

"भलतंच काय!" तिचे डोळे भरून आले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तिला बोलू नकोस रे. मीच बघत होते."

"का गं? इथे काय कमी आहे?"

"काहीच नाही. पण तुम्ही दोघं सकाळी जाता, ते रात्री येता. तिथल्या फोटोत दुपारच्या चहाला सगळ्याजणी गप्पा मारत बसलेल्या दिसल्या." पदराला हात पुसत ती म्हणाली, "रविवारी नेशील बघायला?"