बदल्यात दिलेली पिशवी

"तुमच्या मुलीचा गट ओ आणि तुमचा एबी. तुमचं रक्त तिला चालणार नाही," नर्सने माझ्या खाटेशीच अण्णांना सांगितलं. "पण ते रक्तपेढीत द्या, बदल्यात ओची पिशवी मिळेल."

अण्णांचा चेहरा उतरला. एबी गटाच्या बापाला ओ गटाचं मूल होत नाही, हे मी बारावीच्या वर्गाला शिकवते. त्याचा तक्ता अण्णांनीच पुठ्ठ्यावर रंगवून दिलाय. माझ्याकडे न बघता ते रक्त द्यायला गेले.

परतले तेव्हा कोपराशी कापसाचा बोळा चिकटवलेला होता. रक्त दिल्यावर मिळालेला बिस्किटांचा पुडा त्यांनी न फोडता माझ्या उशाशी ठेवला. लहानपणी लग्नाच्या पंगतीतला लाडूही असाच रुमालात बांधून माझ्यासाठी आणायचे.

"कुमुद, तुला एक सांगायचं राहून गेलंय."

"अण्णा, तुमचा गट मला कॉलेजात असल्यापासून माहीत आहे."

ते बघतच राहिले. "मग कधी विचारलं नाहीस?"

"विचारायचं काय होतं त्यात?" पुडा फोडून मी पहिलं बिस्कीट त्यांच्या तोंडाशी धरलं. "आधी हे खा. लेकीसाठी रक्त दिलंय तुम्ही."