कोणीतरी वापरतंय

दादाचं जहाज बेपत्ता झालं, त्या दिवसापासून माझा कॉम्प्युटर अडकतोय. दादाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचा फोटोंचा फोल्डर मी नेटवर्कवरून माझ्याकडे जोडून घेतला होता. तो उघडायला गेलं की सगळं ठप्प. पलीकडून उत्तर येईपर्यंत आईसारखा तोही नुसता वाट बघत बसतो.

आज दुपारी वैतागून मी दादाचा कॉम्प्युटरच खोलला आणि डिस्क बाहेर काढली. मग माझ्या कॉम्प्युटरवरून त्या फोल्डरची जोडणी तोडायची कमांड दिली.

"तुटलं का गं?" आईने दारातून विचारलं.

"नाही ना! म्हणतंय, कोणीतरी वापरतंय."

"मग वापरत असेल."

"अगं, कोण वापरणार? डिस्क माझ्या हातात आहे!"

मी जबरदस्तीने तोडायची कमांड टाइप केली. एंटरवर बोट नेलं आणि इतके महिने गोठलेली फोल्डरची खिडकी हलली. फोल्डर उघडला. दादाचे जुने फोटो एकेक करून उमटत गेले. शेवटचा मात्र आजचा होता, अगदी आत्ताचा. ओल्या वाळूवर पावलांचे ठसे, पाण्यातून वर आलेले.

"तोडू नकोस," आई हळूच म्हणाली.

मी बोट उचललं. दुसऱ्या हातातली, कुठल्याच वायरला न जोडलेली डिस्क आतल्या आत गरगर फिरायला लागली होती.